चिमणीआधी आणि चिमणीनंतर: सोलापूर विमानतळाचं प्रकरण

१५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी मोठ्या पोलीस बंदोबस्तात पाडली गेली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याकडे नियमित प्रवासी विमान निघालं ते ९ जून २०२५ रोजी. मधे जवळपास दोन वर्षं गेली. शहरात त्याआधी वर्षानुवर्षं ‘चिमणी गेली की विमान आलंच’ असं बोललं जात होतं. बाजूने बोलणारेही तसंच बोलत आणि विरोधात बोलणारेही मनातून तेच धरून चालत. चिमणी गेली आणि विमान आलं नाही, तेव्हा कुठे बाकीच्या गोष्टींकडे लोकांचं लक्ष गेलं.

चिमणी हा खरा अडथळा होता यात वाद नाही. नियमाच्या पट्टीवर मोजलं तर ती तिथे नको होती. पण सोलापूरच्या विमानसेवेचं गाडं निदान चार ठिकाणी अडलं होतं आणि चिमणी त्यांपैकी एक. ती डोळ्यांना दिसत होती, म्हणून सगळं भांडण तिच्याभोवती झालं. उरलेल्या तीन ठिकाणांवर मोर्चा नेता येत नाही.

आधीचं विमानतळ

होटगी रस्त्यावरचं विमानतळ नवं नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यातली ही जागा शहराला अगदी लागून आहे, आणि तिचा फायदाही तोच, तोटाही तोच. साधारण दोन किलोमीटरची धावपट्टी, छोटं टर्मिनल, समुद्रसपाटीपासून ४८० मीटरच्या आसपास उंची. मंत्र्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमानं, हेलिकॉप्टरं इथे उतरत आली आहेत. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही तिन्ही देवस्थानं इथून तास-दीड तासाच्या टप्प्यात असल्यामुळे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची वर्दळ कधी थांबली नाही. सामान्य माणसाला मात्र कुंपणाबाहेरूनच विमान बघायला मिळत होतं.

२०१०च्या आसपास किंगफिशर कंपनीची एटीआर, म्हणजे पंख्याच्या इंजिनांची छोटी, विमानं काही काळ मुंबई-सोलापूर ये-जा करत होती. ती सेवा बंद पडली आणि पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कंपनीचा परवानाच स्थगित झाला. या प्रकरणातला हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शहरातल्या चर्चेत तो सगळ्यात कमी येतो. ज्या चिमणीवरून पुढे रणकंदन झालं ती तेव्हा उभीही नव्हती. सहवीज प्रकल्पाचं काम त्यानंतरचं. म्हणजे आकाश मोकळं होतं, धावपट्टी होती, विमान कंपनीही आली होती. तरी सेवा टिकली नाही.

ती का टिकली नाही याला दिवाळखोरीकडे निघालेली कंपनी हे एक उत्तर आहेच. पण लहान शहरांच्या बाबतीत भारताचा जुना अनुभवही तेच सांगतो. १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत ही कंपनी काढली होती, ती छोटी गावं जोडण्यासाठीच. बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली. अनेक थांबे, कमी प्रवासी, महाग इंधन आणि ‘आमच्याकडे पण विमान हवं’ हा राजकीय रेटा यांतून तोटा साचत गेला. कंपन्या बदलल्या, गणित बदललं नाही.

उडान आलं

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने प्रादेशिक हवाई जोडणीची ‘उडान’ योजना जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर तिचं पहिलं विमान उडालं. योजना समजून घेतली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून थोडं थांबतो.

तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला साधारण २,५०० रुपये ही कमाल मर्यादा ठेवली गेली. विमानातल्या निम्म्या जागा, पण जास्तीत जास्त ४०, या दराने विकायच्या. त्या जागांवर कंपनीला जो तोटा होईल तो व्यवहार्यता तफावत निधीतून, म्हणजे सगळे ज्याला ‘व्हीजीएफ’ म्हणतात त्यातून, भरून द्यायचा. या पैशातला ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याचा. केंद्राचा निधी उभा राहतो तो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारलेल्या शुल्कातून. थोडक्यात, मुंबई-दिल्ली करणारा प्रवासी छोट्या शहरातल्या प्रवाशाचं तिकीट थोडंफार भरतो. राज्याने विमान इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा, जमीन लागली तर फुकट द्यायची, सुरक्षा आणि अग्निशमन स्वतःच्या खर्चाने पुरवायचं. बदल्यात कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षं मक्तेदारी, आणि तफावतीचा निधीही तेवढीच वर्षं.

ही तीन वर्षं लक्षात ठेवायला हवीत.

२०१७ मधल्या पहिल्याच फेरीत महाराष्ट्रातून नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर यांच्याबरोबर सोलापूरचंही नाव होतं. बाकीच्या चार ठिकाणी, अडखळत का होईना, विमानं आली. सोलापूरचा मार्ग कागदावर राहिला, कारण प्रवासी सेवेसाठी विमानतळाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना लागतो आणि परवान्याच्या वाटेत चिमणी होती.

नव्वद मीटरचा हिशोब

‘मंत्र्यांची विमानं उतरतात, मग आमचंच का नाही?’ हा प्रश्न कारखान्याच्या समर्थकांनी सतत विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. त्याचं नीट उत्तर मात्र त्यांना कुणी फारसं दिलं नाही.

छोटं खासगी विमान मागणीनुसार येतं. हवा स्वच्छ असते, वैमानिक डोळ्यांनी बघून उतरतो, वजन कमी असतं, नको वाटलं तर परत फिरतो. वेळापत्रकानुसार सत्तर माणसं घेऊन येणाऱ्या विमानासाठी वेगळा विचार करावा लागतो. पाऊस असेल, धुरकट हवा असेल, ऐन क्षणी एक इंजिन बंद पडेल, आणि तरी विमान सुखरूप वर चढलं पाहिजे. म्हणून धावपट्टीभोवती काही अदृश्य पृष्ठभाग आखलेले असतात आणि त्यांना भेदून वर कुठलंही बांधकाम जाता कामा नये.

त्यांतले दोन सोपे आहेत. धावपट्टीभोवती काही किलोमीटरच्या परिघात, मोठ्या धावपट्ट्यांसाठी साधारण चार किलोमीटर, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक आडवं छत कल्पायचं. आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून एक उतरतं छप्पर कल्पायचं, विमान येण्याच्या दिशेला. उपकरणांच्या आधारे उतरायचं असेल तर लांब धावपट्टीसाठी या छपराचा चढ पन्नासाला एक इतका सौम्य असतो. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर २० मीटर उंचीपर्यंतच बांधता येतं. सिद्धेश्वर कारखाना कुमठ्याला, विमानतळाला जवळजवळ खेटून, आणि चिमणी सुमारे ९० मीटरची. आडव्या छताच्या दुप्पट. उतरत्या छपराखाली एवढी चिमणी बसवायची तर ती धावपट्टीच्या टोकापासून साडेचार किलोमीटर दूर असायला हवी.

विमानतळाजवळ उंच काही बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. उंचीच्या मर्यादांचे नियम २०१५ मध्ये नव्याने आले, पण मर्यादा त्याआधीही होत्या. अडथळा ठरलेलं बांधकाम किंवा झाड पाडण्याची कार्यपद्धती ठरवणारे नियम १९९४ पासून आहेत. महापालिकेची भूमिका होती की या चिमणीला बांधकाम परवानगीच नव्हती. म्हणजे वाद दोन पातळ्यांवर होता. एक, चिमणी विमानाच्या वाटेत आहे का. दोन, वाटेत असो वा नसो, ती कायदेशीर आहे का. शहरातल्या सभांमध्ये या दोन्हींची इतकी सरमिसळ झाली की ऐकणाऱ्याला वाटावं, विमानासाठी एका कायदेशीर कारखान्याचा बळी चालला आहे. किंवा उलट, एका हट्टी संचालक मंडळाने अख्खं शहर वेठीला धरलं आहे.

दोन्ही बाजू आपापल्या जागी

कारखान्याची बाजू हट्टाची म्हणून सोडून देता येत नाही. सहकारी कारखाना हजारो ऊस उत्पादक सभासदांचा असतो. सहवीज प्रकल्प म्हणजे उसाचं चिपाड, बगॅस, जाळून वाफ आणि वीज. ती वीज कारखाना वापरतो आणि उरलेली विकतो. साखरेचा भाव पडला की अनेक कारखान्यांना याच विजेचा आधार असतो. चिमणी पाडायची म्हणजे त्या बॉयलरचा धूर काढायची वाटच बंद करायची. गळीत हंगामात असं काही झालं तर शेतात उभा ऊस कुणी न्यायचा, हा प्रश्न दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागातल्या शेतकऱ्यासाठी विमानापेक्षा शंभर पट मोठा होता. त्याला मुंबईला विमानाने जायचं नव्हतं. उसाचं बिल वेळेवर मिळालं की त्याचं भागत होतं.

शहराची बाजूही तितकीच खरी. सोलापूर हे गिरण्यांचं शहर होतं. गिरण्या बंद पडल्या. चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं तरी यंत्रमागाच्या धंद्याची जुनी शान राहिली नाही. गणवेशाचं कापड शिवणाऱ्या उद्योगाने थोडा जम बसवला, पण शिकलेली पोरं पुण्याला जातात ती परत येत नाहीत. उद्योजकांच्या बैठकीत दरवेळी ऐकू येणारा मुद्दा हाच, की बाहेरचा गुंतवणूकदार पहिला प्रश्न विमानाचा विचारतो. नागरिकांच्या मंचांनी साखळी उपोषणं केली, निवेदनं दिली, न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. उलट बाजूने सभासद शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. पाडकामाचे आधीचे प्रयत्न विरोधापुढे थांबले.

कारखान्याच्या बाजूने एक पर्यायही पुढे केला जात होता: विमानतळ बोरामणीला न्या.

बोरामणी

हैदराबाद रस्त्यावरच्या बोरामणी परिसरात नवं, मोठं विमानतळ करायचं, हा विचार चिमणीच्या वादाआधीचा. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने त्यासाठी ५०० हेक्टरांहून जास्त जमीन संपादित केली. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, मोबदला घेतला. आणि मग वनजमिनीचा एक तुकडा आडवा आला.

सोलापूर जिल्ह्यातलं माळरान म्हणजे माळढोकाचं घर. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच जिल्ह्यात. पक्षी आता दिसेनासा झाला असला तरी त्याच्या अधिवासाचे नियम उरले आहेत. त्यामुळे वनजमिनीचा तो तुकडा आराखड्याच्या मानाने लहान असूनही सुटला नाही. इथे एक गोष्ट बोलून टाकावीशी वाटते. पक्ष्यामुळे प्रकल्प अडला असं म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा एक चीड असते. पण कोरडवाहू माळ, लांब सपाट जमीन, झाडं विरळ, वस्ती दूर, या विमानतळाला सोयीच्या सगळ्या गोष्टी माळढोकालाही सोयीच्या. जागा निवडतानाच दोघांची गाठ पडणार हे उघड होतं. नकाशावर बोट ठेवताना ते कुणी पाहिलं नाही, याची जबाबदारी पक्ष्यावर टाकता येत नाही.

बोरामणी लांबत गेलं तसं होटगी रस्त्याशिवाय पर्याय उरला नाही, आणि होटगी रस्ता म्हणजे चिमणी. एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेने कारखान्याला चिमणी पाडण्याची मुदतीची नोटीस दिली. मुदत संपली आणि जूनच्या मध्याला, गळीत हंगाम नसताना, चिमणी काही क्षणांत खाली आली. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. शहरात काहींनी पेढे वाटले. कुमठ्यात त्या संध्याकाळचं वातावरण वेगळं होतं.

दोन वर्षं कुठे गेली

आता प्रकरणाचा तो भाग, ज्याच्या बातम्या पान पाचवर एका स्तंभात येतात.

विमानतळाचा परवाना म्हणजे एक कागद नसतो. धावपट्टीचा पृष्ठभाग किती भार सोसतो, पाणी साचतं का, दोन्ही टोकांना सुरक्षित मोकळी जागा आहे का, कुंपणभिंत सलग आहे का, आत कुत्री-डुकरं येतात का, आजूबाजूला उघड्यावर कचरा आणि मांस टाकलं जातं का, कारण त्यावर घारी येतात आणि घार इंजिनात गेली की काय होतं ते सांगायला नको. वाऱ्याची दिशा, तापमान, दाब यांची नोंद, वाहतूक नियंत्रण, वैमानिकाला उतरण्याचा योग्य कोन दाखवणारे दिवे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात विमानाला जास्त धावावं लागतं किंवा वजन कमी करावं लागतं. दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर एटीआर आरामात चालतं, मोठ्या जेटला मात्र हाच उन्हाळा महागात पडतो.

अग्निशमनाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळा प्रकार नीट दिसतो. विमानतळावर किती बंब, किती पाणी, किती फेस हवा हे विमानाच्या लांबीवर ठरतं. एटीआर ७२ची लांबी सुमारे २७ मीटर, ते पाचव्या श्रेणीत बसतं. एम्ब्राएर १७५ जवळपास ३२ मीटर, त्याला सहावी श्रेणी. उड्डाणं कमी असतील तर एक पायरी सवलत मिळते. पण बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचले पाहिजेत, आणि त्यावरची माणसं विमानाच्या आगीचं प्रशिक्षण घेतलेली हवीत. महापालिकेचा बंब आणून उभा केला आणि झालं, असं होत नाही. दिवसाला एक विमान येवो की दहा, ही व्यवस्था तेवढीच लागते. छोट्या विमानतळाचा खर्च प्रवाशांच्या प्रमाणात कमी होत नाही, तो इथे.

सुरक्षेचंही तसंच. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने मंजूर केलेला आराखडा, क्ष-किरण यंत्रं, महिला प्रवाशांच्या तपासणीसाठी महिला कर्मचारी, सामानाची साखळी. हे सगळं मनुष्यबळ राज्याने पुरवायचं.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने सोलापूर विमानतळाचं उद्घाटन केलं. नूतनीकरण केलेल्या टर्मिनलची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवासी अशी सांगितली गेली. उद्घाटनाच्या दिवशी प्रवासी विमान मात्र नव्हतं. विधानसभा निवडणूक तोंडावर होती हे वाचकाला आठवत असेलच. पुढे विमान सुरू होण्याच्या तारखा जाहीर होत राहिल्या आणि सरकत राहिल्या. कारणांत एक होतं इंधन. विमान उतरायला परवाना मिळाला, पण परत उडायला लागणारं इंधन विमानतळावर मिळत नव्हतं.

ऐकायला विचित्र वाटतं, पण व्यवहाराच्या दृष्टीने सरळ आहे. तेल कंपनी टाकी, इंधनगाडी, तपासणीची साधनं आणि माणसं ठेवणार ती विक्रीच्या भरवशावर. आठवड्यात मोजकी उड्डाणं असतील तर ती गुंतवणूक वसूल कधी होणार? विमान कंपनीने परतीचंही इंधन बरोबर आणायचं ठरवलं तर तेवढं वजन वाढतं आणि तेवढे प्रवासी किंवा सामान कमी घ्यावं लागतं. सत्तर जागांच्या विमानात पाच-सात जागा गेल्या तरी नफ्याचा तोटा होतो. शिवाय राज्याने इंधनावरचा कर १ टक्क्यावर आणला तर त्याचा फायदा इंधन इथे भरलं तरच.

आधी गोवा का

फ्लाय ९१ या कंपनीने ९ जून २०२५ रोजी एटीआर विमानाने सोलापूर-गोवा सेवा सुरू केली. अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘गोव्याला कशाला, मुंबईला हवं होतं.’ मागणी मुंबईची, विमान गोव्याचं, यामागे कुणाचा खोडसाळपणा नव्हता. कंपनीचा तळ गोव्यात, मोपाला. विमान रात्री तिथे राहतं, देखभाल तिथे होते. आणि मोपाला जागा मिळते.

मुंबईत जागा मिळत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४५च्या आसपास विमानांची ये-जा होणाऱ्या त्या ठिकाणी प्रत्येक वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाची. १८० जागांच्या विमानाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच सत्तर जागांच्या विमानाला लागतो. किंबहुना हळू येणाऱ्या एटीआरला थोडा जास्तच. छोट्या शहराला मग दुपारची अशी वेळ मिळते की मुंबईतलं काम करून त्याच दिवशी परतता येत नाही. कामासाठी जाणाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं असतं. भर दुपारचं विमान त्याच्या उपयोगाचं नाही, आणि विमान रिकामं गेलं की ‘सोलापूरला प्रवासीच नाहीत’ असा निष्कर्ष काढायला कंपनी मोकळी.

२०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई प्रवासासाठी तफावतीचा निधी स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा निर्णय घेतला, एका वर्षासाठी. १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरची मुंबई सेवा सुरू झाली, बंगळूरलाही जोडणी मिळाली. स्टार एअर ही कोल्हापूरच्या घोडावत समूहाची कंपनी. तिच्याकडे एम्ब्राएर जेट आहेत, त्यांतल्या १७५ प्रकारात ७६ जागा. त्याच महिन्यात ८ तारखेला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. सोलापूरसाठी ही घटना, माझ्या मते, चिमणी पडण्याइतकीच मोठी ठरू शकते. नवी मुंबईत वेळा मोकळ्या असतील तोवर सकाळ-संध्याकाळची जोडी मागून घेण्याची संधी आहे. पाच वर्षांनी तिथेही गर्दी असेल.

रेल्वेशी गाठ

सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्याकडे सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी मुंबई. हॉटेलचा खर्च वाचतो, दिवस हाताशी राहतो, परत रात्री निघायचं. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. पहाटे सहाच्या सुमारास निघते, दुपारी साडेबाराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. विमानाचा आकाशातला वेळ तासाभराचा. त्यात घरून विमानतळ, तासभर आधी पोचणं, उतरल्यावर सामान आणि मुंबईतली वाहतूक धरली की साडेतीन-चार तास सहज होतात. फरक उरतो अडीच-तीन तासांचा. त्यासाठी किती जण किती जास्त पैसे देतील? पुण्याच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी अवघड. अडीचशे किलोमीटर, चौपदरी रस्ता, हुतात्मा एक्सप्रेस, इंद्रायणी. पुण्याला विमानाने जाणारा सोलापूरकर बहुधा पुण्यात उतरून पुढचं विमान पकडणाराच असेल.

म्हणून मुंबईच्या हट्टापलीकडे बघायला हवं. सोलापूरची नाती फक्त पश्चिमेला नाहीत. शहरातला मोठा विणकर समाज तेलुगू बोलतो, त्याची मुळं तेलंगणात आहेत. लिंगायत समाजाचे धागे कर्नाटकात. हैदराबाद आणि बंगळूर इथून रेल्वेने किंवा रस्त्याने जायचं तर वेळ बराच जातो, विशेषतः बंगळूरला. तिथे विमानाला रेल्वेपेक्षा खरी सरशी आहे. उलट दिशेने, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करणारा दक्षिणेतला भाविक हा प्रवासी आहे, पण त्याला विमानाबरोबर गाडी, मुक्काम आणि दर्शन यांची जोडणी मिळाली तर. टर्मिनलबाहेर रिक्षाचा भाव ठरवत उभं राहावं लागलं तर पुढच्या वेळी तो रेल्वेनेच येईल. एसटीची बस विमानाच्या वेळेला लावणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

तीन वर्षांनंतर

उडान योजनेबद्दल महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा, अहवाल २०२३ मध्ये आला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ मध्ये, सवलत संपल्यानंतरही चालू असलेले मार्ग होते फक्त ५४. सोलापूर पहिल्या फेरीपासून त्या ४०३च्या गटात होतं. चिमणी पाडून ते तिथून बाहेर पडलं. आता ते ३७१च्या बाजूला आलं आहे, आणि या बाजूला आलेल्यांपैकी बहुतेकांचं पुढे काय झालं ते वरच्या आकड्यांत आहेच.

मुंबई मार्गाला राज्याचा पैसा एक वर्षाचा आहे. त्या वर्षात सरासरी किती जागा भरल्या, त्यांतल्या किती पूर्ण दराने विकल्या गेल्या, किती उड्डाणं रद्द झाली, हे आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत. पैसा लोकांचा आहे म्हणून तर हवेतच, पण पुढच्या वर्षी मदत वाढवायची की विमान छोटं करायचं की मार्ग बदलायचा, हे ठरवायला दुसरं साधन नाही. महापालिकेने धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडच्या भागात उंचीची मर्यादा बांधकाम परवानगीच्या टेबलावरच तपासायला हवी. होटगी रस्त्याला शहर वाढत आहे. उद्या चिमणीच्या जागी अकरा मजली इमारत उभी राहिली तर ती पाडायला साखर कारखान्यापेक्षा जास्त वेळ लागेल, कारण तिच्यात माणसं राहत असतील.

बोरामणीच्या जमिनीचा निर्णय अजून बाकी आहे. ५०० हेक्टरांहून जास्त जमीन सरकारच्या नावावर आहे, ती देणाऱ्या शेतकऱ्यांची पुढची पिढी तिच्याकडे बघत मोठी झाली. होटगी रस्त्यावर दिवसाला दोन-चार विमानं भरून जायला लागली, तरच दुसऱ्या विमानतळाचा हिशोब मांडायला अर्थ आहे. तोवर त्या माळावर कुंपण घालून ठेवायचं, उद्योगांना द्यायचं की गवत वाढू द्यायचं, हे राज्याने लेखी सांगून टाकलेलं बरं.